एक मीटर अंतरावरून

आमच्या सरांना पेरू निवडता येत नाहीत, असं पेरूवाल्याचं ठाम मत होतं. रविवारच्या हाटात आमच्या भोपाळच्या कारखान्याची सगळी टाउनशिप गुळगुळीत, पिवळेधमक पेरू हुडकत टोपल्या उपसायची, आणि सर मात्र बाजूला काढलेल्या ढिगापाशी उकिडवे बसून पोपटाने टोचलेले पेरू पिशवीत भरायचे. पेरूवाल्यालाच लाज वाटायची. "बाबूजी, ये तो गाय के लिए रखे हैं," तो म्हणायचा. "भैया, इनकी जाँच तोता कर चुका है," सर म्हणायचे, "मैं क्यों दुबारा मेहनत करूँ?"

आणि हे गृहस्थ आमच्या कारखान्यात इन्स्पेक्शन खात्याचे प्रमुख होते. माल चांगला की वाईट हे ठरवणं हीच त्यांची नोकरी.

सर ग्वाल्हेरचे मराठी. उंच, जरा पुढे वाकलेले, गळ्यात काळ्या दोऱ्याला अडकवलेलं भिंग, खिशात टॉर्च. दाढी करताना रोज एक पट्टा राहून जायचा, कधी डावीकडे, कधी हनुवटीखाली. कुणी दाखवून दिला तर म्हणायचे, "उद्या कापतो ना, तो कुठे पळून जाऊन राहिला आहे?" बायको फार पूर्वी वारली होती. क्वार्टरमध्ये एकटेच राहायचे, स्वतःच्या पोळ्या स्वतः लाटायचे आणि त्या कशाही झाल्या तरी आनंदाने खायचे. डब्यातली पोळी मी एकदा पाहिली. तिला कोपरे होते.

आमच्या कारखान्यात विजेच्या ट्रान्सफॉर्मरसाठी खोलीएवढ्या लोखंडी टाक्या बनत. ट्रान्सफॉर्मर या टाकीत तेलात बुडवून ठेवतात, तेव्हा टाकीचं मुख्य काम एकच, तेल धरून ठेवणं. त्यामुळे सरांचा सगळ्या जगाला एकच प्रश्न असायचा: "तेल गळतं का?" मंडळाचा गणपती ट्रकमधून उतरवताना एकदा त्याच्या पायाचा अंगठा उडाला. कार्यकारिणीची तातडीची बैठक बसली. मूर्ती बदलायची की काय, यावर तासभर वाद झाला. सर कोपऱ्यात शेंगदाणे खात होते. त्यांना मत विचारलं तर म्हणाले, "तेल गळतं का?" सेक्रेटरी चिडून म्हणाले, "अहो, गणपतीत तेल कुठून येणार?" "मग बसवा," सर म्हणाले आणि पुन्हा शेंगदाण्यांकडे वळले. कुणाच्या मुलीला सांगून आलेला मुलगा बुटका निघाला, कुणाच्या नव्या कपाटाचं दार कुरकुरलं, कुणाच्या मुलाला साठच टक्के पडले, की सरांचा प्रश्न ठरलेला. लोक हसायचे, पण बरेचदा मुलगी त्या बुटक्यालाच दिली जायची.

आता कुणाला वाटेल की सर कामात ढिले होते. तसं मुळीच नव्हतं. एका टाकीच्या जोडावर त्यांना केसाएवढी भेग दिसली होती. दुसऱ्या कुणाला ती दिसेना. मोठे साहेब स्वतः खाली आले, आधी समजावून झालं, मग आवाज चढला. सरांनी टाकीसमोर स्टूल टाकलं आणि त्यावर बसून राहिले. "साहब, तेल गळणार," एवढंच म्हणत राहिले, अर्ध्या हिंदीत आणि अर्ध्या मराठीत. तिसऱ्या दिवशी टाकीत पाणी भरून दाब दिला, तेव्हा त्याच जागी थेंब आला. सरांनी स्टूल उचलून जागेवर ठेवलं आणि जेवायला गेले.

मी या खात्यात ट्रेनी म्हणून लागले. मी उज्जैनची, एकवीस वर्षांची, हातात डिप्लोमा, घराण्यात नोकरी करणारी पहिली मुलगी. एक वर्ष प्रोबेशन होतं. ते संपलं की कमिटी बसणार आणि मला पक्कं करायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. घरी पाठवलं तर पुढे काय, तेही ठरलेलं होतं. आत्याने एक स्थळ राखून ठेवलं होतं. मुलाचं लोखंडी पलंगांचं दुकान होतं आणि दर पत्रात आत्या विचारायची, "नोकरीचं काय झालं?" काळजीने नव्हे, आशेने.

माझा स्वभाव सरांच्या बरोबर उलटा. वहीत एक खाडाखोड झाली की मी पान फाडत असे, आणि मग मागचं सुटं झालेलं पानही. दिवाळीत रांगोळीचा एक ठिपका हलला की सगळी पुसून पुन्हा काढायची. आमच्या दारात रांगोळी पूर्ण झालेली शेजाऱ्यांनी कधी पाहिलीच नाही. आणि देवाची करणी अशी, की असल्या मुलीला त्याने तोंडभर मुरमं दिली. सोळाव्या वर्षी येतात आणि जातात म्हणे. माझी येत, जात, आणि पुन्हा येत. जायफळ उगाळून झालं, मुलतानी माती झाली, कडुनिंबाचा पाला झाला. कारखान्याच्या हॉस्टेलमधल्या एका मुलीने टूथपेस्ट लावायला सांगितली, तेव्हा मुरूम राहिलं बाजूला आणि त्याच्या भोवतालची कातडीच सोलून निघाली. मी आरशासमोर इतकी उभी राहायचे, की खोलीतल्या बाकीच्या दोघींनी आपापले आरसे विकत आणले.

पेंट शॉपमध्ये, म्हणजे टाक्या रंगवायच्या विभागात, पहिल्याच आठवड्यात माझी आणि सरांची जुंपली. रंगाची तपासणी एक मीटर अंतरावरून, साध्या उजेडात करावी, असा नियम ड्रॉइंगच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत छापलेला असे. तो वाचलेला माणूस कारखान्यात एकच. सरांनी आपल्या छत्रीवर एक मीटरची खूण करून ठेवली होती. रोज सकाळी ती छत्री आडवी धरून ते टाकीपासून एक मीटरवर खडूने रेघ ओढत. मी ती रेघ ओलांडून टाकीला नाक लावून उभी. हातात टॉर्च, तोही तिरका धरलेला, म्हणजे बारीकसारीक सगळं उठून दिसावं.

"बेटा, एवढ्या जवळून काय पाहून राहिली आहेस? तिच्याशी लग्न करायचं आहे का?"

"सर, इथे रंगाचा ओघळ आहे. इथे एक कण अडकलाय. आणि इथे—"

"मागे ये. रेघेच्या मागे. टॉर्च बंद कर. आता काय दिसतं?"

"टाकी दिसते."

"गिऱ्हाइकाने काय मागवलं आहे?"

"टाकी."

"मग?"

मग काय, सर गेल्यावर मी पुन्हा रेघ ओलांडली आणि टाकीवर 'होल्ड'ची लाल चिठ्ठी लावली. लाल चिठ्ठी म्हणजे हा माल इथून हलायचा नाही. ती चिठ्ठी ज्याने लावली त्यानेच काढायची आणि आपल्या नावचा ठप्पा मारायचा, ही आमच्या खात्याची पद्धत. प्रत्येकाचा ठप्पा वेगळा, स्वतःच्या ड्रॉवरमध्ये कुलपात. महिन्याभरात शॉपमध्ये इतक्या लाल चिठ्ठ्या फडफडायला लागल्या, की अस्सल भोपाळी पेंटर मिस्त्री मला पाहिलं की आपल्या ढंगात म्हणायचे, "को मैडम, आज किसका नंबर है?"

आणि दुसरी भानगड रजांची. ठळक जागी मुरूम उठलं की मी कामावर जातच नसे. अर्जात पोटदुखी लिहायचे. वर्षात अशा चौदा पोटदुख्या झाल्या. सरांना खरंच काळजी वाटली. त्यांनी मला कारखान्याच्या दवाखान्यात पाठवलं, तिथल्या डॉक्टरांनी पोट चेपून चेपून पाहिलं आणि काहीच सापडेना म्हणून पथ्य लिहून दिलं. ते पथ्य सरांनी स्वतः कँटीनमध्ये नेऊन दिलं. तेव्हापासून सगळे सकाळी पोहे-जलेबी खात असताना माझ्यापुढे फिकी खिचडी यायची. कँटीनवाला मायेने म्हणायचा, "बिना मिर्च की है, बिटिया." खोटं बोलल्याची शिक्षा मी आठ महिने चमच्याने खाल्ली.

सरकारी कारखान्यातला मार्च ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगून समजणार नाही. वर्षभर पाय ओढत चालणारा कारखाना मार्चमध्ये पळत सुटतो. एकतीस तारखेच्या आत जे फाटकाबाहेर पडलं ते या वर्षाचं, मागे राहिलं ते गेलं. त्या वर्षी एकतीस मार्चला आमच्या शॉपची एकच टाकी उरली होती. ट्रेलर येऊन उभा होता. आणि टाकीवर माझी लाल चिठ्ठी होती. आदल्या दिवशी संध्याकाळी तळाशी रंगाला साबुदाण्याएवढा फोड दिसला म्हणून मी ती लावली होती. ती लावून हॉस्टेलवर आले, आरशात पाहिलं, तर माझ्या नाकाच्या शेंड्यावरही तेवढाच एक. तो मी बसू दिला असता तर बसला असता. पण मी त्याच्यावर नखांनी तासभर मेहनत घेतली. सकाळी नाक असं झालं होतं, की नाकाला मुरूम आलंय की मुरमाला नाक, ते सांगता येत नव्हतं. मी पंधराव्या पोटदुखीचा अर्ज मैत्रिणीबरोबर पाठवला आणि पांघरूण घेऊन पडले. ड्रॉवरची किल्ली माझ्या उशाखाली.

दहाच्या सुमाराला खालून हाक आली. गच्चीत येऊन पाहिलं तर फाटकाबाहेर सर, हातात छत्री. लेडीज हॉस्टेल. पुरुषांना आत बंदी. वॉर्डनबाई कमरेवर हात ठेवून मधे उभ्या. मी ओढणी डोळ्यांखाली गच्च गुंडाळून कठड्याशी उभी राहिले.

"बेटा, खाली ये."

"सर, पोट दुखतंय."

"मग पोटालाही घेऊन ये. ओढणी कशाला बांधली आहे? पोट तोंडापर्यंत चढलं का?"

प्रत्येक खिडकीत एकेक डोकं आलं. वॉर्डनबाई म्हणाल्या, "भाई साहब, आवाज़ ज़रा धीमी." पण सरांचा आवाज शॉपमधल्या हातोड्यांवर मात करायला कमावलेला. तो कमी व्हायचा नाही. शेवटी मीच खाली गेले, आणि एकदाची चिडून ओढणी ओढून काढली.

"हे बघा! हे आहे पोट! प्रत्येक वेळी हेच होतं!"

सरांनी छत्रीचं टोक फाटकाच्या गजाला टेकवलं, खुणेपर्यंत मोजून मागे सरकले आणि माझ्याकडे पाहिलं. भिंगाला हातही लावला नाही.

"काय दिसतं?" मी रडकुंडीला येऊन विचारलं.

"ट्रेनी दिसते," ते म्हणाले. मग जरा थांबून, सवयीप्रमाणे, "तेल गळतं का?"

"गळतं!" मी ओरडले. "सगळं तोंड तेलकट आहे माझं, तोच तर रोग आहे!"

या प्रश्नाला असं उत्तर त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं असावं. त्यांनी आपले खिसे चाचपले. "मग पुसून घे," ते म्हणाले. "रुमाल आहे का?"

वरच्या खिडक्यांतून हशा झाला. वॉर्डनबाईसुद्धा पाठमोऱ्या होऊन हसल्या. मला हसू आलं नाही, पण रडूही थांबलं.

मग सरांनी आवाज खरोखरच खाली आणला. "ऐक. मी प्रमुख आहे, तुझा होल्ड माझ्या सहीने उठवू शकतो. साहेब सकाळपासून तेच म्हणून राहिले आहेत. पण मी उठवला तर फाइलमध्ये लिहावं लागेल की हिच्याने निर्णय झाला नाही. कमिटी तेवढंच वाचेल. आणि आज माझी रिटायरमेंट आहे, मालूम आहे ना? उद्या तुझ्या बाजूने बोलायला मी तिथे नाही. पास कर, फेल कर, मी काही सांगणार नाही. पण तू स्वतः येऊन कर."

मी तोंड धुतलं आणि किल्ली घेतली. स्कूटरवर बसताना विचारलं, "ओढणी बांधू?" "रस्त्याला धूळ आहे, बांध," ते म्हणाले. "शॉपमध्ये पोचल्यावर सोड."

शॉपमध्ये शंभरेक माणसं टाकीभोवती उभी होती. मी ओढणी सोडली. याच क्षणाची कल्पना करून मी वर्षभर भीत आले होते. प्रत्यक्षात तो घडलाच नाही. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती आणि नाकाकडे एकही नाही. सगळ्यांचे डोळे माझ्या उजव्या हातावर, कारण ठप्पा त्यात होता. माझ्या वर्षभराच्या चौदा रजा कुणासाठी होत्या, असा प्रश्न मला तिथे उभ्या उभ्या पडला, आणि फार राग आला, स्वतःचाच.

फोड मी खरवडून पाहिला. खाली गंज नव्हता, लोखंड साफ होतं. मिस्त्रींना तेवढ्या जागी पॉलिश पेपर मारून ब्रशने रंग लावायला सांगितलं. त्यांनी लावला. तो ठिगळासारखा दिसत होता, बाजूच्या रंगापेक्षा एक छटा जास्त चकचकीत. अख्खी बाजू पुन्हा रंगवली तर एकसारखं होईल, दोनच दिवस लागतील, असं तोंडात आलं होतं. मी सरांकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. मी लाल चिठ्ठी काढली आणि तपासणीच्या कागदावर ठप्पा मारला. ठप्पा तिरका पडला.

"सर, दुसरा कागद घेऊन सरळ मारू?"

"नको!" एकटे सरच नव्हे, सगळं शॉप ओरडलं.

ट्रेलर फाटकाबाहेर पडला तेव्हा ऊन अजून होतं. त्या टाकीची तक्रार कधी आली नाही. कमिटीपुढे माझ्या रजा निघाल्याच. मी पोटाचं खोटं कबूल केलं आणि खरं कारण सांगितलं, तेव्हा कमिटीतले तिन्ही साहेब एकदम आपापल्या फायली चाळू लागले. पण सरांनी जाण्यापूर्वी माझा अहवाल लिहून ठेवला होता. 'हिला प्रत्येक खोट दिसते. त्यातली कुठली सोडून द्यायची हे ३१ मार्चपासून कळू लागलं आहे,' असं त्यात होतं. मी पक्की झाले. आत्याने पत्र पाठवणं बंद केलं. मुरमं मात्र बंद झाली नाहीत. आता पन्नाशीतही एखादं महत्त्वाच्या दिवशी हजर होतं. मी त्याला बोलावत नाही, पण त्याच्यासाठी घरीही बसत नाही.

एकतीस मार्चचं एक सांगायचं राहिलं. ट्रेलर गेल्यावर सरांचा निरोप समारंभ झाला. शाल, नारळ, साहेबांचं भाषण. मग जवळच्या इंद्रपुरीतला फोटोवाला आला आणि सगळे शॉपच्या पायऱ्यांवर उभे राहिले. माणसांपुढे येणं निराळं आणि फोटो निराळा. माणसं विसरतात, फोटो राहतो. मी हळूच सगळ्यात मागे, सहा फुटी मिस्त्रींच्या पाठीशी जाऊन उभी राहिले. सर पहिल्या ओळीतल्या खुर्चीवर, हार घालून. त्यांनी मान वळवून शोधलं, उठले, आणि हारासकट मागच्या पायरीपर्यंत चढून आले.

"सर, फोटोत नको. पुढच्या वेळी काढू ना, चेहरा बरा असेल तेव्हा."

सर जरा वाकले आणि माझ्या एकटीपुरतं म्हणाले, "माझं लग्न झालं ना, तेव्हा माझ्या तोंडावर तुझ्या दुप्पट मुरमं होती. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातला फोटोवाला घरी आला होता. मी त्याला वापस पाठवला. हिला म्हणालो, चेहरा साफ झाला की काढू. ती म्हणाली, बरं. तिसऱ्या वर्षी ती गेली." त्यांनी हारातलं एक फूल नीट केलं. "मला तिची पाठ आठवते, ओट्यापुढची. आवाज आठवतो. चेहरा आठवतो असं मी लोकांना सांगतो. पण खरं म्हणजे बेटा, पक्का नाही आठवत. पाहायला काहीच नाही माझ्याकडे."

माझ्या उत्तराची त्यांनी वाटही पाहिली नाही. माझं मनगट धरून मला खाली आणलं, आपल्या शेजारची साहेबांची खुर्ची मला देऊन टाकली, आणि साहेब बिचारे बाजूला उभे राहिले. फोटोवाला काळ्या कपड्यातून बाहेर येऊन म्हणाला, "मैडम, नाक पे कुछ लगा है." "लगा नहीं है," सर म्हणाले, "उसी का है." आणि आपल्याच बोलण्यावर तोंड उघडून इतके मोठ्याने हसले, की फोटोवाल्याने तेवढ्यात बटण दाबलं.

तो फोटो माझ्या बैठकीच्या खोलीत आहे. फोटोवाला कसबी होता, त्यामुळे मुरूम अगदी स्पष्ट आलं आहे, नाकाच्या मधोमध, त्यावर उजेडाचा एक ठिपकासुद्धा. इतक्या वर्षांत पाहुणे आले, नातेवाईक आले, सुना आल्या, नातवंडं आली. सगळे त्या फोटोसमोर थांबतात, निरखून बघतात, आणि एकजात सगळे हेच विचारतात, की तुमच्या शेजारचे हे हसणारे कोण?